सिग्नल तुटला की पुढे काय: ड्रोन युद्धाची पार्श्वभूमी

9 सप्टेंबर 1943 ला भूमध्य समुद्रात इटलीची 'रोमा' ही भलीमोठी युद्धनौका बुडाली, हजाराहून जास्त माणसं गेली. इटलीने आदल्याच दिवशी दोस्त राष्ट्रांशी युद्धबंदी जाहीर केली होती आणि ही नौका दोस्तांच्या हाती लागू नये म्हणून जर्मनीने ती फ्रिट्झ एक्स नावाच्या बॉम्बने उडवली. हा बॉम्ब विमानातून सोडल्यावर वर बसलेला माणूस जॉयस्टिक हातात धरून रेडिओने त्याला वळवत वळवत खाली न्यायचा, बॉम्बच्या शेपटाला जळता दिवा असायचा म्हणजे तो वरून दिसत राहायचा. मग दोस्त राष्ट्रांनी ती फ्रिक्वेन्सी शोधून जहाजांवर जॅमर, म्हणजे सिग्नल बिघडवणारी यंत्रं, बसवले आणि काही महिन्यांतच या शस्त्राचा धाक बराच ओसरला. त्यावर जर्मन इंजिनियर्सनी उपाय काढला तो म्हणजे रेडिओच नको, बारीक तारेने कंट्रोल करू, आणि तशी व्हर्जन्स बनवायलाही घेतली.

आज युक्रेनमध्ये मागे फायबर ऑप्टिकची रीळ लावलेले ड्रोन उडतात ते नेमके याच कारणासाठी, म्हणून हा किस्सा आधी सांगितला. ड्रोनचा इतिहास वाचताना पंख, इंजिन, स्फोटकं यापेक्षा मला एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, माणूस आणि यंत्र यांच्यामधला सिग्नल. तो सिग्नल समोरचा तोडणार, मग आपण दुसरा मार्ग काढणार, तोही तुटणार, असं करत करत शेवटी यंत्रालाच ठरवू दे इथपर्यंत गाडी आलीय.

सुरुवातीला तर सिग्नल नव्हताच. निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी छोटी बोट दाखवली होती हे खरं, पण पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जो केटरिंग बग बनवला त्यात रेडिओ नव्हता. लाकडी सांगाड्याचं छोटं विमान, 80 किलोच्या आसपास स्फोटकं, आणि अंतर मोजायची पद्धत अशी की इंजिनचे किती फेरे झाले की आपण लक्ष्यावर पोचतो ते वारा वगैरे बघून आधीच काढून ठेवायचं, तेवढे फेरे झाले की इंजिन बंद, पंख सुटणार आणि बाकीचा भाग बॉम्बसकट खाली. टेस्टमध्ये तो कितीतरी वेळा भलतीकडेच कोसळला आणि तो वापरायच्या आत 1918 मध्ये युद्ध संपलं. त्याच कल्पनेवर 1944 मध्ये जर्मनीचे व्ही-1 हे उडते बॉम्ब लंडनवर पडले. त्यांनाही एवढंच कळायचं की ठरलेलं अंतर झालं, आता पडायचं, खाली काय आहे याच्याशी काही संबंध नाही.

जमिनीवर जर्मनीचं गोलिएथ होतं, रणगाड्याचं लहान पिल्लू म्हणता येईल असं, मागे केबल सोडत जायचं आणि शत्रूजवळ पोचल्यावर स्वतःसकट उडायचं. 1944 च्या वॉर्सा उठावात पोलिश लढवय्यांनी त्या केबलीच कापल्या. रणगाड्यासारखं ते यंत्र, आणि ते थांबवायला एक तार तोडली की झालं.

यानंतरची बरीच वर्षं ड्रोन म्हणजे टेहळणी. 1960 मध्ये अमेरिकेच्या गॅरी पॉवर्सचं यू-2 हे टेहळणी विमान सोव्हिएत युनियनने पाडलं आणि पायलट जिवंत पकडला गेला, अमेरिकेची जगभर नाचक्की झाली, तेव्हा बिनपायलटच्या विमानांवर पैसा लागायला लागला. व्हिएतनाममध्ये लाइटनिंग बग ड्रोनच्या 3400 हून जास्त फेऱ्या झाल्या. हे मोठ्या विमानाच्या पंखाखालून सोडायचे, ठरलेल्या मार्गावर फोटो काढून परत यायचे, पॅराशूट उघडायचं आणि हेलिकॉप्टर ते हवेतच झेलायचं. म्हणजे फोटो बघायला मिळणार ते नंतर, फिल्म धुतल्यावर.

लाइव्ह व्हिडिओची खरी ताकद दाखवली इस्राएलने, जून 1982 मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात. नकली ड्रोन पुढे पाठवले, सीरियाने खरी विमानं समजून रडार चालू केले, आणि वर फिरणाऱ्या दुसऱ्या ड्रोनच्या कॅमेऱ्यांतून त्या क्षेपणास्त्र तळांच्या जागा लगेच कळत होत्या. एका दिवसात तिथली बहुतेक हवाई संरक्षण यंत्रणा संपली. त्याच देशातून पुढे हार्पी आलं, जे हवेत घिरट्या घालत शत्रूचं रडार चालू व्हायची वाट बघतं आणि झालं की त्यावर जाऊन आदळतं. स्वायत्त शस्त्रं आता कुठे येतायत असं आपल्याला वाटतं ना, पण हार्पी सोडल्यावर लक्ष्य स्वतःच शोधायचं, आणि याला तीस वर्षं होऊन गेली. रडार म्हणजे रडार, तिथे चुकून शाळा येणार नाही, म्हणून कोणी फारसा आवाज उठवला नाही असं मला वाटतं.

प्रेडेटर या अमेरिकी ड्रोनची गोष्ट बहुतेकांना थोडीफार माहीत असते. बगदादमध्ये जन्मलेले आणि इस्राएलमधून अमेरिकेत गेलेले इंजिनियर अब्राहम करेम यांनी कॅलिफोर्नियात घराच्या गॅरेजमध्ये जे काम सुरू केलं त्यातून पुढे हे विमान आलं, 1995 मध्ये बोस्नियावर फिरलं, 2001 च्या फेब्रुवारीत त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र टेस्ट झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानात पहिला हल्ला. यातला मोठा बदल होता सॅटेलाइट लिंक. नेवाडातल्या क्रीच तळावर बसलेला माणूस अर्ध्या जगापलीकडचं विमान उडवायचा, फक्त सिग्नलला वर जाऊन खाली यायला सेकंद-दोन सेकंद लागायचे म्हणून टेकऑफ आणि लँडिंगला तिथलीच टीम लागायची.

पण या वीस वर्षांत समोर कोण होतं बघा, ज्यांच्याकडे ना विमानं ना जॅमर. त्यामुळे लिंक आहे म्हणजे आहेच असं गृहीत धरलं गेलं. 2009 मध्ये बाहेर आलं की इराकमधले बंडखोर 26 डॉलरचं एक सॉफ्टवेअर वापरून प्रेडेटरचा व्हिडिओ पकडत होते, कारण तो एन्क्रिप्ट केलेलाच नव्हता! तेव्हाच धडा घ्यायला हवा होता.

मधल्या काळात स्मार्टफोनमुळे छोटे कॅमेरे, सेन्सर आणि बॅटऱ्या प्रचंड स्वस्त झाल्या आणि 2016-17 मध्ये इराकच्या मोसुलमध्ये इस्लामिक स्टेटने दुकानात मिळणाऱ्या क्वाडकॉप्टरमधून लहान बॉम्ब टाकायला सुरुवात केली. 2020 मध्ये नागोर्नो-काराबाखच्या 44 दिवसांच्या युद्धात अझरबैजानने तुर्कस्तानचे बायराक्तार आणि इस्राएलचे हारोप हे ड्रोन वापरून आर्मेनियाच्या बाजूचे रणगाडे टिपले, आणि जुनी अँतोनोव-2 विमानं बिनपायलटची करून पुढे सोडली म्हणजे समोरची क्षेपणास्त्रं कुठे लपलीत ते कळेल. बेका खोऱ्यातलीच युक्ती, 38 वर्षांनी.

आणि मग युक्रेन. पहिल्या काही महिन्यांत बायराक्तारची चर्चा झाली, रशियाची हवाई संरक्षण यंत्रणा नीट बसल्यावर ते मागे पडले आणि त्यांची जागा घेतली एफपीव्हीने, म्हणजे डोळ्यांवर गॉगल लावून उडवायचे रेसिंगचे ड्रोन, काही शे डॉलरमध्ये तयार होणारे. यात ऑपरेटरला सगळ्यात अवघड जातात शेवटचे काही सेकंद. ड्रोन जमिनीजवळ यायला लागला की झाडं, घरं, टेकाड मध्ये येतं आणि रेडिओ सिग्नल कमजोर होतो, चित्र आधी दाणेदार होतं, मग नुसत्या रेघा, आणि रणगाड्यावर जॅमर असेल तर तो नेमका याच टप्प्यात सर्वात जोरात लागतो. ब्रिटनच्या RUSI या संरक्षण-अभ्यास संस्थेने 2023 मध्ये अंदाज दिला होता की युक्रेनचे महिन्याला 10,000 ड्रोन जातायत, आणि त्यामागे जॅमिंगचा वाटा मोठा होता.

मग तार परत आली. 2024 पासून रशियाने आणि पाठोपाठ युक्रेनने फायबर ऑप्टिक ड्रोन मोठ्या प्रमाणात उतरवले, 10-20 किलोमीटर केसासारखा धागा मागे सुटत जातो, जॅम करायला काही नाहीच, चित्र शेवटपर्यंत स्वच्छ. पण रिळाचं वजन स्फोटकांच्या वाट्यातून जातं, धागा झाडात अडकतो, आणि आता तिथल्या शेतांवर हे धागे पसरलेले फोटोत दिसतात.

दुसरा मार्ग म्हणजे शेवटचा टप्पा ड्रोनवरच सोडायचा. ऑपरेटरने लांबूनच लक्ष्यावर लॉक लावायचा, पुढचे काही शे मीटर सिग्नल असो नसो, ड्रोनवरची चिप चित्र ओळखत तिथे जाते. 1 जून 2025 च्या 'स्पायडर वेब' कारवाईत युक्रेनने ट्रकमध्ये लपवून 117 ड्रोन रशियात खोलवर नेले आणि बॉम्बर विमानांच्या तळांवर सोडले, कंट्रोलसाठी चक्क रशियाचंच मोबाइल नेटवर्क वापरलं, आणि सिग्नल गेला तर एआय पुढचं काम करेल अशी सोय होती असं युक्रेनच्या गुप्तचर खात्याने सांगितलं.

समुद्रावरही हेच. नौदल जवळपास नसलेल्या युक्रेनने मगुरा नावाच्या बिनखलाशी बोटींनी 2024 च्या फेब्रुवारीत रशियाची इव्हानोवेट्स ही क्षेपणास्त्र नौका बुडवली, आणि वर्षाअखेरीस तसल्याच बोटीवरून क्षेपणास्त्र सोडून हेलिकॉप्टर पाडल्याचं सांगितलं. जमिनीवरचे रोबोट आधी बॉम्ब निकामी करायलाच असायचे, अफगाणिस्तान आणि इराकमध्ये पॅकबॉट त्यासाठी गेले, आता ते दारूगोळा नेतात, जखमींना मागे आणतात, कारण आघाडीपासून कित्येक किलोमीटरपर्यंत माणूस उघड्यावर दिसला की वरून ड्रोन येतोच. डिसेंबर 2024 मध्ये खारकिव्हजवळ लिप्त्सी इथे फक्त रोबोट आणि ड्रोन वापरून हल्ला केल्याचं युक्रेनने जाहीर केलं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. माणसाच्या हातात कंट्रोल असला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. युक्रेनच्या खेरसोनमध्ये रस्त्यावरून चालणाऱ्या, सायकलवरून जाणाऱ्या सामान्य लोकांवर रशियाकडून ड्रोन सोडले गेले, ऑपरेटरला समोर कोण आहे ते स्पष्ट दिसत असताना, आणि 2025 च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. फरक इतकाच की तिथे गुन्हा कोणाचा ते विचारता तरी येतं. मशीनने ठरवलं असेल तर कोणाला विचारणार? 2003 मध्ये इराकवरून परतणारं ब्रिटनचं टॉर्नेडो विमान मित्र असलेल्या अमेरिकेच्याच पेट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेने शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं, आतले दोघंही गेले. तिथे माणसं होती, पण कॉम्प्युटरने दाखवलेलं खोटं ठरवायला त्यांच्याकडे पुरेसा वेळ नव्हता.

कायद्याच्या बाजूने अशा स्वायत्त शस्त्रांवर 2014 पासून जिनिव्हात चर्चा चालू आहे, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्याआधीच 2012 मध्ये स्वतःपुरते नियम काढले होते, आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरस यांनी 2023 मध्ये 2026 पर्यंत बंधनकारक करार करा असं आवाहन केलं. मोठ्या लष्करी देशांना तो नकोय. शिवाय करार झाला तरी तपासायचं काय हा प्रश्न आहेच, कारण क्षेपणास्त्रं आणि रणगाडे मोजता येतात, पण तोच ड्रोन सकाळी माणसाच्या कंट्रोलवर आणि संध्याकाळी सॉफ्टवेअर बदलून स्वतःच्या कंट्रोलवर उडत असेल तर बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.