सिअॅटलकडे सॅल्मन धरायला जाताय? आधी कॅच कार्डाचं समजून घ्या

वॉशिंग्टन राज्यात लायसन काढणं सोपंय, ऑनलाइन किंवा दुकानात मिळतं, नदीसाठी फ्रेशवॉटर (गोड्या पाण्याचं) किंवा कॉम्बिनेशन (गोड्या-खाऱ्या दोन्हींचं) घ्यायचं. अडतं ते रेसिडेंटच्या रकान्यात. अर्जाआधी किमान ९० दिवस इथे कायमचं राहतं घर हवं आणि दुसऱ्या राज्याचं रेसिडेंट फिशिंग लायसन चालू नको. म्हणजे कॅलिफोर्नियाहून आलात आणि तिकडचं अजून चालू आहे, तर इथे नॉन-रेसिडेंटचेच पैसे भरा. भारतातून आलेल्या आईबाबांसाठी सिनियर सवलत मागू नका हो, ७० च्या पुढची ती सवलत इथल्या रहिवाशांनाच आहे, त्यांना एक ते तीन दिवसांचं टेम्पररी काढा.

१५ खालच्या पोरांना लायसन लागत नाही, पण सॅल्मनसाठी कॅच कार्ड, म्हणजे ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड, लागतंच, आणि ज्याचं त्याचं वेगळं. बाबांचा मासा पोराच्या कार्डावर, असलं चालत नाही.

मासा ठेवायचा ठरला की तिथल्या तिथे कागदी कार्डावर पेनाने लिहायचं: तारीख, नदीचा कोड, जात, हॅचरीचा (उबवणी केंद्रातला) की वाइल्ड (नदीतच जन्मलेला). पाठीवरच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीकडे एक छोटा मांसल पर असतो, तो कापलेला असेल तर हॅचरीचा. बऱ्याच नद्यांवर वाइल्ड सोडूनच द्यावा लागतो, त्यामुळे मासा मारायच्या आधी बघा. पाऊस असतो, हात बुळबुळीत असतात, मग लोक म्हणतात गाडीत बसून लिहू, आणि ऑफिसर नेमका गाडीपाशी भेटतो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. वर्षभरात एकही मासा मिळाला नाही, अगदी नदीवर गेलाच नाहीत, तरी कार्ड कळवायचं. शून्य म्हणून. राज्याचं मासे-वन्यजीव खातं प्रत्येक मासा मोजत नाही, आलेल्या कार्डांवरून न आलेल्यांचा अंदाज बांधतं, आणि मासे मिळालेलेच तेवढे कार्ड पाठवतात म्हटल्यावर आकडा फुगणारच. वर्षाचं लायसन ३१ मार्चला संपतं (जानेवारीत घेतलं तरी), कार्ड कळवायची मुदत मात्र ३० एप्रिल. एकच तारीख ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं देव जाणे! प्युजेट साउंडच्या (सिअॅटलजवळच्या खाडीतल्या) खेकड्यांचं कार्ड वेगळं, मुदतही वेगळी, ते राहिलं तर १० डॉलर दंड, ते भरलं म्हणजे सॅल्मनचंही झालं असं समजू नका.

काठावर किंवा बोटीच्या रॅम्पवर खात्याची माणसं विचारतील, किती तास गळ टाकला, किती ठेवले, किती सोडले. घाबरून खोटं सांगू नका, ते सर्व्हेवाले असतात, दंड करायला आलेले नसतात. ते माशाच्या नाकावरून वँड (धातू ओळखणारी कांडी) फिरवतात, कारण काही हॅचरीच्या माशांच्या नाकात मिलीमीटरभर तारेचा तुकडा असतो, त्यावरून तो कुठल्या हॅचरीतला ते कळतं. तुकडा सापडला तर नाकाचा भाग मागून घेतात. म्हणून मुंडकं काठावरच कापून फेकू नका.