शिकारी पक्ष्यांची शास्त्रीय नावे (नागपूर परिसर)

शिकारी पक्ष्यांची शास्त्रीय नावे : घार, गरुड, ससाणा, शिक्रा, भोवत्या, गिधाड आणि व्यापक अर्थाने घुबड यांना प्राणिशास्त्रात दिलेली लॅटिन घडणीची द्विपद नावे (पहिले पद प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, दुसरे जातीचे) व त्यांची व्युत्पत्ती. नागपूर व भोवतालच्या प्रदेशात, म्हणजे अंबाझरी-गोरेवाड्यापासून पेंच व उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंतच्या टापूत भेटणाऱ्या जातींचा येथे मुख्यतः विचार केला आहे. एखाद्या नावाच्या इतिहासासाठी आवश्यक तेथे बाहेरच्या जातीही घेतल्या आहेत.

कार्ल लिनीअस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती (१७५८) ही प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आरंभरेषा मानतात. त्याआधीचे कोणतेही नाव ग्राह्य धरले जात नाही. लिनीअस यांनी अ‍ॅक्सिपिट्रीस या गणात व्हल्टर, फाल्को, स्ट्रिक्स आणि लॅनियस या चारच प्रजाती ठेवल्या. त्यामुळे गरुड, घार, ससाणा, शिक्रा हे सगळे फाल्कोमध्येच गेले, आणि खाटीक पक्षीही शिकाऱ्यांच्या पंगतीला बसला. पुढच्या अर्धशतकात ही मोट सुटत गेली. ब्रिसाँ यांनी अ‍ॅक्विला व अ‍ॅक्सिपिटर (१७६०), लासेपेद यांनी मिल्वस व सर्कस (१७९९), तर नेपोलियनच्या ईजिप्त मोहिमेत सहभागी झालेले सॅव्हिन्यी यांनी जिप्स, निओफ्रॉन, एलॅनस व पँडिऑन या प्रजाती वेगळ्या काढल्या. सॅव्हिन्यी यांच्या ग्रंथाचे वर्ष १८०९ असे रूढ आहे. तो प्रत्यक्षात १८१० मध्ये बाहेर पडला असावा, असेही काही अभ्यासक मानतात. येथे रूढ वर्ष ठेवले आहे.

नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आधीचे नाव टिकते आणि ते पक्ष्याला शोभत नाही एवढ्या कारणावरून बदलता येत नाही. म्हणून ही नावे पक्ष्याचे वर्णन म्हणून वाचणे धोक्याचे आहे. नमुना कोणाच्या हाती पडला, तो कुठून आला आणि विकणाऱ्याने त्याला काय म्हटले, याचाच पुरावा त्यांत अधिक सापडतो.

अ‍ॅक्सिपिटर : या एका शब्दावर जेवढी शाई खर्ची पडली आहे, तेवढी या गटातील दुसऱ्या कोणत्याही नावावर क्वचितच पडली असेल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शिकारी पक्षी, विशेषतः शिक्रा-बाज गटातला. ‘पकडणे, घेणे’ या अर्थाच्या अ‍ॅक्सिपेरे या क्रियापदापासून तो झाला, हे स्पष्टीकरण सर्वांत जुने व लोकप्रिय आहे. रोमन कवी ल्युसिलियस याने वापरलेले अ‍ॅक्सेप्टर हे रूप त्याच्या पुष्टीसाठी पुढे केले जाते. मात्र हे रूप लोकांनी ओळखीच्या क्रियापदाच्या साच्यात शब्द बसवल्यामुळे तयार झाले असावे. दुसऱ्या मतानुसार शब्दाचा उत्तरार्ध ‘उडणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूपासून आला. संस्कृत पत् व पत्र आणि ग्रीक प्टेरॉन (पंख) ही त्याचीच भावंडे. पूर्वार्धाचा अर्थ ‘वेगवान’ असावा. त्याची तुलना संस्कृत आशु व ग्रीक ओकिस यांच्याशी करतात. या मताच्या बाजूचा पुरावा वजनदार आहे. ऋग्वेदात (४.२६.४) सोम आणणाऱ्या श्येनाला ‘आशुपत्वा’ म्हटले आहे, आणि होमरच्या इलियडमध्ये (तेरावे पर्व) ससाण्याला ‘ओकिप्टेरॉस’, म्हणजे शीघ्रपंख, हे विशेषण आहे. एकाच कुळातील दोन भाषांत एकाच पक्ष्याला एकाच घडणीचे विशेषण लागावे, हा योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. अडचण आहे ती आद्य स्वराची : ग्रीक व संस्कृतमध्ये तो दीर्घ, लॅटिनमध्ये ऱ्हस्व. ती टाळण्यासाठी पूर्वार्ध ‘तीक्ष्ण, टोकदार’ या अर्थाच्या धातूपासून घ्यावा, असे तिसरे मत आहे. त्यानुसार अर्थ ‘टोकदार पंखांचा’ असा होतो. पण शिक्रा आणि त्याच्या भाऊबंदांचे पंख आखूड व गोलसर असतात, टोकदार पंख ससाण्याचे. स्वराची अडचण मान्य करूनही दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

नागपुरात सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्स अशा दाट झाडीच्या भागांत सहज दिसणारा शिक्रा दीर्घकाळ अ‍ॅक्सिपिटर बॅडियस या नावाने ओळखला गेला. ग्मेलिन यांनी १७८८ मध्ये फाल्को बॅडियस असे नाव दिले होते. बॅडियस म्हणजे तांबूस तपकिरी. पूर्ण वाढलेल्या नराची पाठ मात्र राखी-निळसर असते, तेव्हा हे नाव कितपत जुळते ते पाहणाऱ्याने ठरवावे. मध्य भारतातील उपजातीच्या डुस्युमिएरी या नावात डुस्युमिए या फ्रेंच सागरी व्यापाऱ्याची आठवण आहे. जनुकीय अभ्यासांतून जुनी अ‍ॅक्सिपिटर प्रजाती एकसंध नसल्याचे दिसल्यावर २०२४ च्या सुमारास प्रमुख जागतिक याद्यांनी शिक्रा टॅकिस्पायझा या काउप यांच्या प्रजातीत (१८४४) हलवला. टॅकिस म्हणजे जलद आणि स्पायझियास हे ग्रीकांतील एका लहान शिकारी पक्ष्याचे नाव. नवी प्रजाती व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्यामुळे बॅडियसचे बॅडिया झाले. चिमणीमार ससाणा मात्र अ‍ॅक्सिपिटर नायसस म्हणूनच राहिला. नायसस हा मेगारा नगरीचा राजा. मुलीने त्याची जांभळी बट कापून शत्रूला दिली आणि तो शिकारी पक्षी झाला, अशी कथा आहे. मोरघारेच्या निसेटस या प्रजातीनामात (हॉजसन, १८३६) हाच राजा आणि ग्रीक एटॉस (गरुड) यांची जोडी आहे.

फाल्को : हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमध्ये दिसू लागतो. फाल्क्स (विळा) पासून तो आला, हे रूढ मत. विळा कशाला म्हटले, वाकड्या नख्यांना की उडताना दिसणाऱ्या पंखांना, यावर एकमत नाही. पायाची बोटे आत वळलेल्या माणसांना फाल्कोनेस म्हणत, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराने केली आहे. तीवरून नख्यांच्या पक्षाला थोडे बळ मिळते. शब्द जर्मानिक भाषांतून लॅटिनमध्ये गेला असावा, असेही एक मत आहे.

बहिरी ससाण्याचे पेरेग्रिनस (टन्स्टल, १७७१) हे नाव मध्ययुगीन यूरोपातले, अर्थ परदेशी, भटक्या. घरट्यातून पिल्लू उचलण्याऐवजी स्थलांतराच्या वाटेवर पकडलेल्या पक्ष्याला ते लावत. भारतातील शाहीन या उपजातीला सुंडेवाल यांनी १८३७ मध्ये पेरेग्रिनेटर म्हटले. त्यांचा नमुना श्रीलंका व सुमात्रा यांच्या दरम्यान भर समुद्रात जहाजावर पकडलेला होता. शाहीन हा प्रत्यक्षात कडेकपारींना धरून राहणारा स्थायिक पक्षी आहे. जहाजावरच्या एका पक्ष्यामुळे उपजातीला भटक्याचे नाव चिकटले. जाता जाता : मराठीतील ‘बहिरी’चा ऐकू न येण्याशी संबंध नाही. अरबी बह्‌र (समुद्र) यापासून झालेल्या बहरीचे ते रूप मानतात.

देशी शब्दांची लॅटिन रूपे : विदर्भातील वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा भाग हाच. युरोपीय संग्राहकांना पक्षी पुरवणारे मीरशिकार व पारधी जे नाव सांगत, ते कानाला आले तसे कागदावर उतरे आणि पुढे लंडन-पॅरिसमध्ये लॅटिन म्हणून छापले जाई.

तुरुमती या ससाण्याचे नाव फाल्को चिक्वेरा (दोदँ, १८००). चंद्रनगरहून आलेल्या नमुन्याला लव्हायाँ या फ्रेंच पक्षिविदाने ‘चिक्वेरा’ म्हटले आणि दोदँ यांनी तेच लॅटिनमध्ये उचलले. हा शब्द ‘शिक्रा’चा अपभ्रंश की ‘शिकारी’चा, याबद्दल दुमत आहे, दोहोंचे मूळ अखेर फारसी शिकार शब्दापाशीच जाते. शिक्रा हेच मूळ धरले, तर शिक्र्याचे नाव तुरुमतीला गेले आणि शिक्र्याच्या वाट्याला नुसता रंग आला.

लग्गड ससाण्याला जे. ई. ग्रे यांनी १८३४ मध्ये फाल्को जगर हे नाव दिले. बाजदारीच्या, म्हणजे शिकारी पक्षी पाळून शिकार करणाऱ्यांच्या, बोलीत मादी व नर यांना वेगळी नावे असत, कारण मादी मोठी व शिकारीला अधिक उपयोगी : बाज मादी, जुर्रा नर, शिक्रा मादी, चिपका नर, लग्गड मादी, जग्गड नर. म्हणजे इंग्रजी व मराठीत मादीचे नाव चालले आणि शास्त्रात नराचे. ग्रे यांनीच त्याच वर्षी नाव दिलेल्या फाल्को चेरुग या दुसऱ्या ससाण्याच्या नावामागे ‘चरग’ हा बाजदारांचा शब्द आहे.

तुरेवाल्या सर्पगरुडाचे स्पिलॉर्निस चीला हे नाव तर उघड गफलत आहे. हिंदीत चील म्हणजे घार. लॅथम यांनी लाहोरकडच्या पक्ष्याचे आधी इंग्रजीत ‘चीला फाल्कन’ असे वर्णन केले आणि १७९० मध्ये लॅटिन नाव दिले. स्पिलॉर्निस म्हणजे ठिपक्यांचा पक्षी. छाती-पोटावरचे पांढरे ठिपके पाहता हा अर्धा भाग तरी नेमका आहे. लॅथम यांनी आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात केवळ इंग्रजी नावे वापरली. त्या वर्णनांवरून ग्मेलिन यांनी १७८८ मध्ये द्विपद नावे छापली आणि अग्रहक्क त्यांच्याकडे गेला. बंगाली गिधाडाचे बेंगालेन्सिस हे त्यांपैकीच.

तिसा या पक्ष्याचे ब्यूटास्टर टीसा हे नाव नागपूरच्या त्यातल्या त्यात जवळचे. मेजर जेम्स फ्रँकलिन (ध्रुवप्रदेशाचे संशोधक जॉन फ्रँकलिन यांचे बंधू) यांनी गंगाकाठी आणि विंध्याच्या डोंगरांतून नर्मदेवरील गढा-मंडल्यापर्यंत गोळा केलेल्या पक्ष्यांची यादी १८३१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हे नाव आहे. टीसा हा हिंदी शब्दच. ब्यूटास्टर (हॉजसन, १८४३) म्हणजे ब्यूटिओ आणि अ‍ॅस्टर या दोन लॅटिन पक्षिनामांचा सांधा. उमरेड रस्त्याला खुरट्या रानात तारेच्या खांबावर बसलेला हा पक्षी पांढुरक्या डोळ्यांवरून, पांढऱ्या गळ्यावरच्या काळ्या उभ्या रेघेवरून आणि मानेमागच्या पांढऱ्या ठिपक्यावरून ओळखू येतो. नावात यांतले काहीच नाही. शृंगी घुबडाचे बेंगालेन्सिस हे जातिनामही फ्रँकलिन यांच्या याच यादीतले.

घार : मिल्वस मायग्रन्स गोविंदा. मिल्वस हे घारीचे जुने लॅटिन नाव. मायग्रन्स, म्हणजे स्थलांतर करणारा, हे नाव बॉडार्ट यांनी १७८३ मध्ये हिवाळ्यात आफ्रिकेत जाणाऱ्या युरोपीय घारीला दिले. गोविंदा हे नाव कर्नल साइक्स यांच्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत १८३२ मध्ये स्वतंत्र जातीचे म्हणून आले. पुढे ती उपजात ठरली. कृष्णाच्या नावावरून ते घेतले, असे सामान्यतः सांगतात. भांडेवाडीच्या कचराडेपोवर घिरट्या घालणारी घार बहुतांशी बारमाही स्थायिक आहे, तरी शास्त्राच्या वहीत ती ‘प्रवासी गोविंद’. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी मोठ्या चणीची लिनिएटस ही उपजात मायग्रन्स नावाला जागते.

गिधाडे : जिप्स हा गिधाडासाठीचा ग्रीक शब्द. जिप्स इंडिकस आणि राजगिधाड (सार्कोजिप्स कॅल्व्हस, कॅल्व्हस म्हणजे टकला) यांची जातिनामे स्कोपोली यांनी १७८६ मध्ये दिली, तीही सोनरा या फ्रेंच प्रवाशाच्या वर्णनांवरून. राजगिधाडातला ‘राजा’ सोनरा यांच्या फ्रेंच नावातही आहे. जिप्स इंडिकसमधून लांब, बारीक चोचीचे टेन्युइरोस्ट्रिस २००१ मध्ये पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून मांडले गेले, त्यामुळे जुन्या याद्यांतील ‘इंडिकस’ वाचताना स्थळ पाहणे भाग आहे.

पांढरे गिधाड म्हणजे निओफ्रॉन पर्क्नॉप्टेरस. जातिनामाचा अर्थ ‘काळसर पंखांचे’. ते लिनीअस यांचे, पण शब्द अ‍ॅरिस्टॉटलचा. निओफ्रॉन हे पात्र अँटोनिनस लिबेरॅलिस याच्या रूपांतरकथांत येते. निओफ्रॉनच्या आईशी संबंध ठेवणाऱ्या एजिपियस या मित्राला निओफ्रॉनने कपटाने एजिपियसच्याच आईच्या शय्येवर पोहोचवले, आणि झ्यूसने दोघांनाही गिधाडे केले. सॅव्हिन्यी यांनी दोन्ही नावे प्रजातींना दिली. एजिपियस ही काळ्या गिधाडाची प्रजाती. भारतीय उपजातीचे जिंजिनिॲनस (लॅथम, १७९०) हे नाव सोनरा यांच्या ‘जिंजीचे गिधाड’ यावरून आले. छत्रपती राजाराम महाराजांनी मोगलांचा वेढा सोसला तीच ही जिंजी.

इतर : भोवत्यांच्या सर्कस या प्रजातीचे नाव ग्रीक किर्कोस (गोल फिरणारा) यावरून आले, मराठी नावाशी ते सहज जुळते. मोहोळघारेची पर्निस (क्यूव्ह्ये, १८१६) ही प्रजाती अ‍ॅरिस्टॉटलच्या प्टर्निस या शब्दातील ‘ट’ गळून झाली. तिचे टायलोरिंकस हे जातिनाम, म्हणजे पिसांच्या चोचीची, मात्र अचूक आहे : डोळा आणि चोच यांमधल्या, एरवी मोकळ्या राहणाऱ्या जागेवर खवल्यांसारखी दाट पिसे असतात आणि मोहोळ फोडताना ती माश्यांच्या डंखांपासून बचाव करतात. कापशीच्या एलॅनस सिरुलियसमध्ये निळसर रंग, सापमार गरुडाच्या सर्केटस गॅलिकसमध्ये फ्रान्स. अ‍ॅक्विला हे नाव काळपट रंगावरून आले की रंगाचे नाव पक्ष्यावरून, हे अनिर्णित आहे.

घुबडे : पिंगळ्याच्या अथीनी ब्रामामध्ये ग्रीक देवी अथीना व ब्रह्मा एकत्र आले आहेत. रानपिंगळ्याचे नाव या प्रदेशाच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये पहिला नमुना मिळवला तो आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी असे नामकरण केले. हेटेरोग्लॉक्स म्हणजे निराळे घुबड. मेनेर्ट्झहागेन यांनी १९१४ चा म्हणून सादर केलेला नमुना बनावट स्थळनोंदीचा निघाला. तो वगळून शोध घेतल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा सापडला, आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. प्रजातीबाबतचा वाद शतकभर चालला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हा पक्षी अथीनी गटाच्या आतच बसतो असे दाखवले. त्यामुळे अथीनी ब्लेविटी हे नाव ग्राह्य धरले जाते आणि प्रजाती बदलल्याची खूण म्हणून ह्यूम यांचे नाव व वर्ष कंसात लिहितात.