गोवर झालेल्यांत लस घेतलेली मुलंही असतात, ती का?

“साथीत गोवर झालेल्या मुलांपैकी एक तृतीयांश मुलांनी लस घेतली होती, म्हणजे लस कुचकामी आहे,” असा संदेश वर्षानुवर्षे फिरतोय. तो वाचून पालकांच्या पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. त्यातला आकडा खराही असू शकतो. चुकतो तो निष्कर्ष.

हिशेब करून पाहू. समजा, १००० मुलं आहेत. ९५० जणांना दोन्ही डोस मिळालेत, ५० जणांना एकही नाही. संरक्षण नसलेली १० मुलं रुग्णाच्या निकट आली, तर साधारण ९ जणांना गोवर होतो. म्हणजे त्या ५० पैकी ४५ आजारी. दोन डोस सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात, त्यामुळे ९५० पैकी २८-२९ मुलं असुरक्षित राहतात. त्यातली २५ आजारी. एकूण रुग्ण ७०, त्यात लस घेतलेले २५, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्तच!

पण लस न घेतलेल्यांत आजाराचं प्रमाण १०० मागे ९०, घेतलेल्यांत ३ पेक्षाही कमी. लस घेतलेल्यांचा गटच १९ पट मोठा, म्हणून त्यांची संख्या डोळ्यांत भरते. सगळ्यांनीच लस घेतली असती, तर रुग्ण जेमतेम २७ असते, आणि ते सगळे लस घेतलेलेच!

असा आकडा आला की आधी दोन्ही गटांत एकूण मुलं किती, ते शोधा. मग साथीच्या अहवालात डोस एक की दोन, ‘माहिती नाही’च्या रकान्यात किती जण, हे पाहा. संशयित आणि प्रयोगशाळेत निश्चित झालेले रुग्णही वेगळे मोजा, कारण ताप आणि पुरळ रुबेलातही येतात.