मळीपासून रसापर्यंत : इथेनॉल मिश्रणाची पार्श्वभूमी

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ मध्ये ज्या तीन ठिकाणी सुरू झाला, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली होती. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरले. पण पुढची दहा वर्षे दराच्या घासाघिशीत गेली आणि २०१३-१४ मध्येही देशातले मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते.

तोवर इथेनॉल म्हणजे मळीचे, हे गृहीतच होते. ‘मळी’ हा शब्द मात्र फसवा आहे. शेतकरी खत म्हणून रानात टाकतो ती मळी म्हणजे उसाचा रस स्वच्छ करताना निघणारा गाळ; इथेनॉल गाळणाऱ्या डिस्टिलरीत जाते ती मळी म्हणजे आटवलेल्या पाकातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट द्रव. तीनदा दाणे काढल्यावर उरते ती सी-हेवी. दुसऱ्या फेरीलाच थांबले की बी-हेवी, जिच्यात साखर बरीच शिल्लक असते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवीबरोबर थेट रसालाही वाट करून दिली. २०२२-२३ मध्ये लिटरमागे सी-हेवीच्या इथेनॉलला ४९.४१, बी-हेवीच्या ६०.७३ आणि रसाच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये दर होता. इथेनॉलचा जोडधंदा अशा रीतीने साखरेच्या मुख्य धंद्याच्या पंक्तीला येऊन बसला आणि साखर कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या.

त्यामुळेच ७ डिसेंबर २०२३ चा आदेश जिव्हारी लागला. त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला होता, ऊस घटण्याची चिन्हे होती. साखर महागू नये म्हणून रसापासून इथेनॉल करण्यास तडकाफडकी मनाई झाली. आठवडाभरातच ती सैल करून रस आणि बी-हेवी मिळून १७ लाख टन साखरेइतकाच माल इथेनॉलकडे वळवण्याची मर्यादा घालण्यात आली. साखरेची काळजी रास्त होती, परंतु असा निर्णय गव्हाणीत पहिली मोळी पडण्याआधी व्हायला हवा होता; गाळप सुरू होऊन महिना उलटल्यावर नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामापुरते निर्बंध उठले, पण मधल्या काळात मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये दर मिळून धान्याने उसाला मागे टाकले होते.

२०२५ मध्ये मिश्रण २० टक्क्यांवर गेले आणि वाद कारखान्यांतून पंपावर आला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०२१ च्या सरकारी अहवालातच दिलेला होता.