रूट कॅनालमध्ये दाढ सुन्न न होणं

रूट कॅनालच्या आधी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला, तरी ड्रिल आत उतरताच पेशंट खुर्चीतून उडतो, अशा दाढेला डेंटिस्ट लोक 'हॉट टूथ' म्हणतात. जास्त करून खालच्या मागच्या दाढा, आणि त्याही आतली नस अजून जिवंत पण सुजून कायमची बिघडलेली असते तेव्हा.

इंदूरला सराफ्यात थंडीत गरमागरम गराडू (तळलेला कंद) नाहीतर जिलबी खाताना दाढेत सणक गेली, मग बराच वेळ ठणकत राहिली आणि गार पाणी तोंडात धरलं की तेवढ्यापुरतं बरं वाटलं, तर समजायचं प्रकरण या टप्प्याला आलंय. रामबागेतल्या कोणी ना कोणी काकू लवंगाचं तेल लावायला सांगतातच, त्याने थोडा वेळ थांबतंही, कारण त्यातलं युजेनॉल डेंटिस्टही वापरतात, पण नस काही सुधरत नाही.

आता सुन्न का होत नाही? नेहमीचं औषध म्हणजे लिग्नोकेन, १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने बनवलेलं. त्याचा जो भाग विद्युतभार नसलेला असतो तोच नसेच्या आवरणातून आत जातो, नॉर्मल ७.४ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) हा भाग साधारण पाव असतो, आणि इन्फेक्शनने जागा आम्लधर्मी होऊन पीएच ६.५ वर आला तर जेमतेम ४ टक्के उरतो. बहुतेक ठिकाणी एवढंच सांगून विषय संपवतात, पण ते अर्धवट आहे, कारण खालच्या दाढेसाठी सुई दाढेपाशी नाही, जबड्याच्या पार मागे, नस हाडात शिरते तिथे टोचतात, आणि तिथे पू नसतोच. खरी मेख दाढेतल्या नसेतच असते. सूज आली की नस अगदी हळवी होते, बारीकशा धक्क्यानेही पेटते, शिवाय तिच्यात असे सोडियम चॅनल (दुखण्याचा संदेश पुढे नेणारी बारीक दारं) वाढतात जे लिग्नोकेनला सहज दाद देत नाहीत. वरच्या दाढांना हा त्रास कमी, तिथलं हाड पातळ असल्याने शेजारी टोचलेलं औषध झिरपून मुळापर्यंत पोचतं.

म्हणून "काकू, ओठ जड झाला का?" एवढं विचारून ड्रिल लावणं बरोबर नाही, ओठ सुन्न म्हणजे दाढ सुन्न असं नसतं. कापसावर गार स्प्रे मारून तो बोळा दाढेला टेकवायचा, गार लागलं तर अजून थांबायचं किंवा वेगळं काही करायचं. आणि दुखत असेल तर हात वर करून सांगायचं, "आजकालच्या मुलांना सहनच होत नाही" हे ऐकून गप्प बसायची काही गरज नाही, भीतीने दुखणं वाढतं हे खरं असलं तरी दाढ काही भीतीमुळे जागी नसते.

पहिलं इंजेक्शन पुरलं नाही तर बाहेरच्या बाजूने हिरडीत आर्टिकेन नावाचं दुसरं सुन्न करायचं औषध देतात, किंवा दात आणि हाडाच्या मधल्या फटीत बारीक सुईने औषध दाबून भरतात, काही जण हाडातच देतात. तासभर आधी आयबुप्रोफेन ही दुखण्याची गोळी घेतली तर इंजेक्शन चालायची शक्यता वाढते, पण अल्सर, किडनी, दमा किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकने मात्र हा ठणका जात नाही, ते गालावर सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेना अशा वेळचं काम आहे, आणि तेव्हा घरी न बसता लगेच डॉक्टरांना गाठायचं, इंदूरला एमवाय हॉस्पिटलच्या भागात सरकारी डेंटल कॉलेज आहेच.

शेवटचा उपाय म्हणजे सुई थेट नसेतच. हे क्षणभर जबरदस्त दुखतं, आधी सांगून ठेवलेलं बरं, पण लागू पडतं लगेच, आणि त्यात औषधापेक्षा दाबाचा हात जास्त, नुसतं सलाइन जोरात भरलं तरी नस सुन्न होते. तेही जमलं नाही तर आत औषध ठेवून दाढ टेम्पररी बंद करतात आणि काही दिवसांनी परत बोलावतात.