प्रश्न विचारल्यानंतरचा एक सेकंद

शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये हल्ली 'चिंतनशील शिक्षक' हा शब्द सारखा कानावर पडतो, आणि प्रत्यक्षात त्याचं होतं काय तर पाठाच्या टाचणाखाली एक रकाना असतो, त्यात "पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांनी उत्तम प्रतिसाद दिला" असं लिहिलं की चिंतन आटोपलं. या रकान्याचा मला खरंच राग येतो, कारण तो निव्वळ आठवणीवर भरला जातो. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच दाखवलं होतं की माणूस एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती जशीच्या तशी बाहेर काढत नाही, आपल्या समजुतीत बसेल अशी पुन्हा जुळवतो. वर्गाचंही तेच होतं. हात वर करणारी चार मुलं लख्ख आठवतात, आणि बोलायला तोंड उघडलं तोवर प्रश्न पुढे सरकला अशी जी मुलं असतात ती आठवत नाहीत, कारण ती आपल्याला दिसलेलीच नसतात.

म्हणून मी एकदा फोन टेबलावर ठेवून आपलाच तास रेकॉर्ड केला आणि घरी स्टॉपवॉच घेऊन ऐकला. मी विचारलं होतं, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" एक मुलगी म्हणाली, "कारण तो..." आणि तिथेच माझा आवाज आला, "हां, हलका असतो, शाब्बास!" तो तुकडा मी परत परत ऐकला. ती 'हलका' म्हणणार होती का काही वेगळंच, हे मला कळायचा मार्गच मी बंद करून टाकला होता. आणि वर शाब्बासकीही दिली, ती पण माझ्याच उत्तराला.

हे फक्त माझंच नाही हे नंतर वाचताना कळलं. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधिकेने वर्गांच्या शेकडो टेप तपासल्या आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण १ सेकंद थांबतात. आणि मूल बोलून थांबलं की त्यावर बोलायला शिक्षक जेमतेम ०.९ सेकंद लावतात. बाईंनी या दोन्ही थांब्यांना वेगळं मोजलं ही मला त्यांची सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. दोन्ही थांबे ३ सेकंद किंवा जास्त केले तेव्हा उत्तरं कित्येक पटींनी लांबली, "माहीत नाही" कमी झालं, मुलं एकमेकांच्या बोलण्याला धरून बोलायला लागली आणि स्वतः प्रश्न विचारायला लागली. शिवाय शिक्षक ज्यांना 'कच्ची' समजत होते त्यांना आधी थांबा आणखीच कमी मिळत होता. म्हणजे ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी!

आता १ सेकंदच का, ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट. २००९ मध्ये १० भाषांमधल्या गप्पा तपासणारा एक अभ्यास आला. 'हो-नाही' प्रकारच्या प्रश्नानंतर समोरच्याचं उत्तर यायला सरासरी किती वेळ लागतो? सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक सगळ्यात चटकन, सरासरी ७ मिलिसेकंद, आणि डॅनिश सगळ्यात सावकाश, तरी तेही ४६९ मिलिसेकंदच. पण एखादं चित्र बघून त्याचं नाव उच्चारायचं तर मेंदूला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात (शब्द शोधायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, मग जीभ हलवायची), मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? तर ऐकणारा समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच ते कुठे चाललंय याचा अंदाज बांधून आपलं उत्तर शिजत घालतो, एकाच वेळी ऐकणं आणि बोलण्याची तयारी, आणि शेवट जवळ आला असं स्वरावरून कळलं की तयार उत्तर सोडून देतो. याचा उलटा परिणाम असा की २०० ची सवय लागलेल्या कानाला पूर्ण सेकंदभराची शांतता म्हणजे 'काहीतरी बिघडलं' असं वाटतं. गप्पांमध्ये ते बरोबरच आहे. पण "बर्फ का तरंगतो" हे गप्पांमधलं "चहा घेणार?" नाही, त्याचं उत्तर प्रश्न ऐकता ऐकता तयार होऊच शकत नाही. शिक्षक मात्र तोच कान घेऊन वर्गात उभा असतो, शांतता त्याला टोचते आणि तो ती स्वतःच भरतो.

जगाकडे मोकळ्या मनाने बघणारा वर्ग मला इथे सुरू होताना दिसतो, भिंतीवर देशोदेशीचे झेंडे लावून नाही. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असं असलेल्या मुलाला तो शब्द शोधण्याचा टप्पाच जास्त वेळ खातो. आणि भाषा येत असली तरी शांततेचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. सुझन फिलिप्स यांनी अमेरिकेत ऑरेगनमधल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या मूळनिवासी मुलांचा अभ्यास केला, ही मुलं शिक्षकाने सगळ्यांसमोर उभं करून विचारलं की गप्प राहायची आणि छोट्या गटात आपापलं काम छान करायची. शर्ली ब्राइस हीथ यांना अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत दिसलं की ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न तिथली मोठी माणसं मुलांना सहसा विचारतच नाहीत. त्या मुलाला शाळेतला "याचा रंग कोणता?" हा प्रश्न विचित्रच वाटणार, बाईंना दिसत नाहीये का!

हे सगळं सोडून ट्रेनिंगमध्ये वेळ जातो कशावर? हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, अशा वाटणीवर. २०१२ च्या एका सर्वेक्षणात ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांचा यावर विश्वास होता, आणि मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवलं तर ते जास्त शिकतं याला धड पुरावा नाही हे २००८ च्या मोठ्या आढाव्यात स्पष्ट झालेलं होतं. राशी बघून मुलाचा स्वभाव सांगण्यात आणि यात मला फारसा फरक दिसत नाही.

सूक्ष्म अध्यापन आपल्याकडे आधीपासून आहेच, १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सुरू झालं ते, पाच-दहा मिनिटांचा पाठ, रेकॉर्डिंग, चर्चा आणि परत तोच पाठ. त्यात भावी शिक्षकांना फक्त दोन थांबे मोजायला द्या. सातआठे किती, असल्या प्रश्नाला ३ सेकंद थांबायची गरज नाही, ते पाठ असतं किंवा नसतं. पण 'का' आणि 'कसं' आलं की मनात तीन आकडे मोजायचे, आणि मूल बोलून थांबलं की परत तीन. दुसरे तीन फार अवघड जातात, शाब्बास तोंडाशी आलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलीला तोच प्रश्न विचारला आणि थांबलो. "कारण तो... गोठताना फुगतो ना, फ्रीझरमध्ये बाटली फुटते तसा." मी काही बोललो नाही, आतल्या आत मोजत राहिलो, आणि मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग फुगल्यावर त्याचं वजन वाढत नाही का?"