शब्दाचे सांधे कुठे असतात?

'घरासमोरच्यांनासुद्धा कळवा' या वाक्यातला पहिला शब्द आपण एका दमात बोलतो, पण त्यात आठ तुकडे आहेत. 'घर' हे मूळ. त्याला लागलेला 'आ' ही सामान्यरूपाची खूण, म्हणजे पुढे काहीतरी जोडले जाणार याची सूचना. मग 'समोर' हे शब्दयोगी अव्यय, संबंध दाखवणारा 'च', पुन्हा सामान्यरूपाचा 'या', अनेकवचनाचा अनुस्वार, 'ना' हा विभक्तिप्रत्यय आणि शेवटी 'सुद्धा'. यांचा क्रम ठरलेला आहे. 'घरनासमोर' असे चुकूनही कुणी म्हणत नाही.

अर्थ किंवा व्याकरणातले काम असलेला आणि आणखी फोडता न येणारा असा तुकडा म्हणजे रूपिका. तिच्या लांबीला काही महत्त्व नाही. 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांत फरक फक्त एका टिंबाचा, पण त्या टिंबाने एकाची अनेक मुले होतात. उलट 'समोर' तीन अक्षरांचा असूनही आज अखंड आहे.

सांधा शोधायची रीत सोपी दिसते: तोच ध्वनी आणि तोच अर्थ अनेक शब्दांत एकत्र सापडला पाहिजे. शिवणावळ, दळणावळ, धुणावळ हे शब्द शेजारी ठेवले की 'आवळ' म्हणजे त्या कामाची मजुरी, हे लक्षात येते. आता 'वंशावळ' आणि 'नामावळ' घ्या. शेवट तोच, पण इथे मजुरीचा काही संबंध नाही. हा 'आवळ' संस्कृतातल्या 'आवली'पासून, म्हणजे ओळ किंवा रांग या अर्थाने आला आहे. ध्वनी एक, रूपिका दोन. 'जावळ'मध्ये तर तोडण्यासारखे काहीच नाही. नवशिक्याची बहुतेक चुकीची फोड इथेच होते: कानाला ओळखीचा शेवट सापडला की तो अर्थ न तपासताच कापतो.

उलटही घडते. एकच रूपिका दोन वेशांत येते. 'अशक्य'मधला 'अ' आणि 'अनादर'मधला 'अन्' दोन्ही नकारच दाखवतात. पुढे व्यंजन असेल तर 'अ', स्वर असेल तर 'अन्'. अशा पर्यायी रूपांना रूपिकांतरे म्हणतात. मूळ शब्दही असाच बदलतो: विहीर पण विहिरीत, पाणी पण पाण्यात, घोडा पण घोड्याला. बाहेरून आलेल्या शब्दांनाही हा नियम गाठतो. 'कॅमेरा' 'कॅमेऱ्यात' झाला, 'सोफा' 'सोफ्यावर' झाला. 'डेटा' मात्र अजून 'डेटाचा'च आहे.

सांध्याची जागा चुकली तर? 'अजगर' हा 'अ + जगर' नव्हे, 'अज + गर' आहे: बकरी गिळणारा. ही चूक शब्दकोश पाहून सुधारता येते. पण कधी कधी सगळा भाषिक समाजच चुकीच्या जागी कापतो आणि त्यातून खरा, टिकाऊ शब्द जन्मतो. स्वाहिलीत 'किसू' म्हणजे सुरी आणि 'विसू' म्हणजे सुऱ्या. सुरुवातीचा 'कि' एकवचनाचा, 'वि' अनेकवचनाचा. अरबीतून 'किताब' आला, त्याचा स्वाहिलीत 'किताबू' झाला आणि त्यातल्या 'कि'ला लोकांनी प्रत्यय मानले. त्यामुळे पुस्तके झाली 'विताबू'. संस्कृतातही 'असुर'मधला पहिला 'अ' मुळात नकाराचा नव्हता. तसा तो समजला गेला आणि मागाहून 'सुर' म्हणजे देव हा शब्द तयार झाला.

सगळ्याच भाषा तुकडे असे एकापुढे एक जोडत नाहीत. अरबीत मूळ बहुधा तीन व्यंजनांचे असते आणि स्वर त्यांच्या मधे विणले जातात. द-ख-ल या मुळापासूनचे दखल, दाखल, दाखला हे शब्द आपण रोज वापरतो. मराठीने मात्र ते तयार उचलले, विणकाम घेतले नाही. त्या साच्यात नवा मराठी शब्द आपण पाडत नाही.

मराठी मजकुरात शोध घेणारा प्रोग्राम लिहिताना हे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. शेवटचे 'ला', 'ने', 'त' छाटा एवढाच नियम दिला, तर 'सोने'चे 'सो' उरते आणि 'शेत'चे 'शे'. म्हणून उरलेला भाग कोशाशी ताडून पाहावा लागतो. त्यातही 'घोड्याला'मधून उरलेला 'घोड्या' कोशात नसतो. आधी सामान्यरूप उलटवून 'घोडा' मिळवावा लागतो. प्रत्यय बाहेरून आत, एकेक करून काढायचे, हेही पाळावे लागते. एवढे करूनही 'माळ्यावर' अडकवतोच: मूळ शब्द 'माळा' की 'माळी'? उत्तर शब्दात नाही, आजूबाजूच्या वाक्यात आहे.

मुले हे सारे कुणी न शिकवता उचलतात. जीन बर्को यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना एक काल्पनिक प्राणी दाखवला, त्याचे नाव 'वग' सांगितले, मग तसे दोन दाखवून विचारले, आता हे काय? कधीही न ऐकलेल्या शब्दाला बहुतेक मुलांनी बरोबर प्रत्यय लावून 'वग्ज' म्हटले. 'टास' या दुसऱ्या बनावट शब्दाला मात्र 'एझ' असा लांब प्रत्यय लागायला हवा होता आणि तिथे बहुतेक मुले अडली, जरी 'ग्लास'चे 'ग्लासेस' त्याच मुलांना सहज येत होते. 'ग्लासेस' अख्खा पाठ होता. त्यातला सांधा त्यांना अजून सापडायचा होता.